शालूबाईचा हात

चैत्र लागला की शिवाजी पेठेतल्या झुंबरआक्काला स्वतःच्या घरात टेकायला सवड मिळत नसे. भाकऱ्या थापून व्हायच्या, नवरा हंबीरराव एस.टी.च्या डेपोत कामाला जायचा, आणि त्याची पाठ वळायच्या आत कुणीतरी बोलवायला दारात उभं. कारण एकच, वर्षाची चटणी. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा, लसूण, खोबरं आणि गरम मसाले घालून कांडलेलं लाल तिखट. ते बरणीत नसेल तर त्या घरातली चूल पेटूनही उपयोग नाही. आणि ते एकदा बिघडलं की घरातल्या बाईला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सासूचं, नवऱ्याचं आणि आल्यागेल्याचं ऐकून घ्यावं लागतं. म्हणून मसाला भाजायच्या दिवशी आक्का हवी.

ती यायची, कढईजवळ पाटावर बसायची आणि बहुधा हातही लावायची नाही. नुसता वास घ्यायची. "उतरा," म्हणाली की कढई उतरायची. धणे कधी, तीळ कधी, दगडफूल कधी, हे तिच्या नाकाला कळे. ह्या कामाचे कुणी पैसे पुढे केले तर ती भडकायची. कपाळाला कुंकू आणि कांडून आणलेल्या चटणीतली एक वाटी, एवढंच ती घेई. एका उन्हाळ्यात तिच्या घरी अशा साठ-सत्तर वाट्या जमत, आणि हंबीरराव म्हणे, "आपल्या घरात चटणी करायची गरजच काय? अख्खी पेठ हाय की."

बायका म्हणत, आक्काचा हात लागतो. हा हात लागणं, न लागणं हा पेठेतल्या बायकांचा फार मोठा विषय. एखादीच्या हातचं लोणचं तीन वर्षं टिकतं, दुसरीनं बरणीत नुसता चमचा घातला तरी वर पांढरं येतं, असं सगळ्या मानत. मुलगी बघायला गेलं की रंगरूपानंतर हेच हळूच विचारलं जाई. आणि एकदा एखादीचा हात वाईट ठरला की ठरला. तिला भांडी घासायला बोलवत, लसूण सोलायला बोलवत, कालवायला नाही.

१९६८ साली श्यामलामाई नावाच्या बाईंनी ह्या सगळ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. माई मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. छडी सुटली होती, पण सवय सुटली नव्हती. त्या सरळ आक्काच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "झुंबर, तू दर वर्षी पेठ फुकट सांभाळतेस. ह्याच पेठेत दहा-बारा बायका अशा आहेत की ज्यांच्या हाताला काम नाही. त्यांना घेऊन बस. चटणी करू आणि विकू. जागेचं मी बघते."

तालमीच्या मागची खोली माईंनी मिळवली. तालमीतल्या थोरांनी आधी बराच वेळ मिशा कुरवाळल्या, पण त्यांतल्या तिघांना माईंनी पाढे शिकवले होते, त्यामुळे फार ताणता आलं नाही. महिला मंडळ सुरू झालं. बारा बायका होत्या आणि प्रमुख झुंबरआक्का. पहिल्या बैठकीत माईंनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं आणि आक्कासाठी खुर्ची मागवली. चौथी शिकलेल्या आक्कासाठी त्याआधी कुणी खुर्ची मागवली नव्हती. ती तिच्यावर अंग चोरून, निम्मीच बसली. पण बसली, आणि तिला ते आवडलं. पुढं जे झालं त्याचं मूळ शोधायचं तर ते ह्या आवडण्यात सापडेल.

चटणी चालली. आधी पेठेतल्या नोकरदार घरांत, मग दोन-तीन मिसळवाल्यांकडे, मग शिकायला आलेल्या पोरांच्या बोर्डिंगांत. पुण्याला राहणाऱ्या लेकीबाळींना डबे जाऊ लागले. बाहेरगावच्या महिला मंडळांच्या बायका बघायला येत, माई त्यांना आक्कासमोर उभं करत आणि म्हणत, "ह्यांना विचारा." आक्का पदर सावरून सांगे. बोलता बोलता तिला कळलं, आपल्याला बोलता येतं. बारा बायकांची भांडणं मिटवता येतात, मसाला कांडून देणाऱ्या डंकवाल्याला दमात घेता येतं, मिरची बाजारात दलालाला परत पाठवता येतं. चाळिशी ओलांडल्यावर माणसाला स्वतःबद्दल असं काही कळलं की ते डोक्यात जातंच.

त्या बारा जणींत एक होती शालूबाई. कसबा बावड्याच्या शेतकरी घरातली. नवरा पिराजी तापानं गेला, दिरांनी वाटणीत हात वर केले, तेव्हा ती लहान मुलाला घेऊन पेठेत एका खोलीत राहायला आली. कमी बोलणारी, अंगानं काटक. आक्कानंच तिला मंडळात आणली होती, हे सांगायला हवं. आक्का मनानं वाईट नव्हती. तसं असतं तर पुढचं तिला इतकं लागलंच नसतं.

एक दिवस खोबरं भाजत होतं. आक्का कुणाशी तरी बोलत होती, आणि मागून शालूबाई हळूच म्हणाली, "आक्का, उतरवू का? झालंय ते."

आक्कानं वास घेतला. खरंच झालं होतं. आणखी क्षणभर गेला असता तर करपलं असतं.

"व्हय, उतर," ती म्हणाली. बाकीच्या बायका हसल्या. धोंडुबाई नावाची एक जुनी, तोंडाळ बाई म्हणाली, "आक्का, तुमच्या नाकाला वाटेकरी आली की." आक्काही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून शालूबाईला लसूण सोलायला मागच्या पडवीत बसवण्यात आलं, आणि तिथून कढईचा वास नीट येत नव्हता.

आक्काची एक गोष्ट मंडळात कुणाला माहीत नव्हती. चटणीत घालायचं खडेमीठ ती पहाटे घरीच लोखंडी कढईत कोरडं भाजायची, मिठातलं पाणी पार निघून जाईस्तोवर. मग फडक्यात बांधून आणायची, आणि बायकांना ते दुकानातलंच मीठ वाटे. तिच्या मावशीनं तिला हे शिकवलं होतं. त्या काळी पोत्यातलं मीठ ओलसर असे. ते तसंच घातलं तर उन्हाळाभर काही कळत नाही, पण आषाढात डब्यात बुरशी धरते. आक्का ते सुरुवातीला लपवत नव्हती. घरी चूल पेटलेली असायची म्हणून घरी भाजायची, इतकं साधं होतं. मग कुणी विचारलं नाही. मग तिनं सांगितलं नाही. आणि पुढं कधीतरी, नेमकं कधी ते तिलाही सांगता आलं नसतं, ते मीठ तिचं एकटीचं झालं.

१९७४च्या चैत्रात तिच्या लेकीचं पहिलं बाळंतपण आलं. लेक आजऱ्याला दिलेली, दिवस अवघड गेलेले, डॉक्टरनं प्रवास नको म्हटलेलं. आक्कालाच तिकडं जाऊन दीड महिना राहणं भाग होतं. आणि नेमकी त्याच वेळी एका मोठ्या बोर्डिंगची वर्षभराच्या चटणीची मागणी आली होती. मंडळाला मिळालेलं सगळ्यांत मोठं काम. माई म्हणाल्या, हे नीट पार पडलं तर पुढच्या वर्षी आपली स्वतःची जागा घेऊ, स्वतःचा डंक बसवू, आणखी तीस बायकांना काम देऊ. त्यांनी आक्काला विचारलंसुद्धा नाही. सांगितलं, "शालूला सगळं शिकवून जा. तिच्यात तुझी समज आहे."

तुझी समज आहे. माईंनी हे कौतुकानं म्हटलं होतं.

आक्कानं शिकवलं. बारा जणींसमोर बसून, एकेक माप सांगून, मिरची कुठली किती, कांदा किती दिवस वाळवायचा, खोबऱ्याचा रंग कसा दिसला पाहिजे, सगळं. शालूबाईला लिहिता येत नव्हतं. ती ओठ हलवत घोकत होती. शेवटी तिनं विचारलं, "आणि मीठ, आक्का?"

शब्द आक्काच्या अगदी जिभेवर आला होता. भाजून, एवढंच म्हणायचं होतं.

"मिठाचं काय?" ती म्हणाली. "दाखवलेल्या मापानं घाल, झालं."

आपण बिघडवायला निघालोय असं तिच्या मनातही नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की ती परत आल्यावर कुणीतरी म्हणावं, चटणी बरी झाली, पण आक्काची सर नाही. बस्स. माणूस एवढ्याशा गोडव्यासाठी काय काय करून बसतं. एस.टी. आजऱ्याचा रस्ता चढत होती तेव्हा एकदा तिच्या मनात आलं, पोहोचल्यावर माईंना पत्र टाकावं. पण आजऱ्याला पोहोचल्यावर लेकीला कळा सुरू झालेल्या, मग नातू झाला, मग बाळंतिणीचं न्हाऊमाखू. पत्र राहिलं. राहिलं असं ती पुढं स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे दुपारी बाळ निजलं की तिला वेळच वेळ होता.

शालूबाईनं काम वेळेत पुरं केलं. जेवायला घरी न जाता राबली. आक्का परतली तेव्हा डबे बोर्डिंगला पोचले होते, आणि चव घेऊन सगळ्या म्हणत होत्या, काही फरक नाही, आक्काच्या हातची वाटावी अशी झालीय. आक्कानंही बोटावर घेतली. फरक नव्हता. तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. डबे उघडून, ऊन देऊन, पुन्हा परतून काहीतरी करता आलं असतं. ती म्हणाली, "छान झालीय."

आषाढात डबे परत आले. बोर्डिंगचा आचारी स्वतः हातगाडीवर घालून घेऊन आला आणि तालमीच्या दारात, चार लोकांसमोर, त्यानं झाकणं उघडून दाखवली. वर पांढरी-हिरवी बुरशी. आचाऱ्याची जीभ चटणीपेक्षा तिखट होती. मंडळाचं नाव घेऊन तो जे बोलला ते माईंनी मान खाली घालून ऐकलं.

त्या दुपारी बैठक झाली. आक्कानं एक डबा हातात घेतला, वास घेतला आणि तिला क्षणात कळलं. खरं तर तिला डबे यायच्या आधीपासून माहीतच होतं. माईंनी विचारलं, "झुंबर, काय चुकलं असेल?"

"मी काय सांगू?" आक्का म्हणाली. "मी हुते कुठं हितं?"

मग धोंडुबाई बोलली. "मापं तीच, मिरची तीच, डंक त्योच. मग बदललं काय? हात बदलला. दुसरं काय न्हाई. तिचा हात लागत न्हाई त्याला, तिनं तरी काय करावं?" दोघी-तिघींनी माना हलवल्या. माईंचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. त्या म्हणाल्याही, की हे खुळ्यासारखं बोलू नका. पण दुसरं कारण त्यांच्याजवळ नव्हतं.

शालूबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढं आली आणि तिनं फक्त आक्काकडे बघितलं. तिचा आक्काच्या शब्दावर विश्वास होता.

"आक्का, तुमी सांगा. माझ्या हातालाच दोष हाय व्हय?"

आक्का खुर्चीवर बसली होती. आता ती पूर्ण खुर्ची भरून बसत असे. बारा वर्षं पुढं ती ह्या प्रश्नाकडे पुन्हा पुन्हा परत येणार होती, त्याला वेगवेगळी उत्तरं देणार होती, भाकरी थापताना, देवळात उभी असताना. त्या दिवशी तिनं दिलेलं उत्तर असं होतं:

"असतंय एकेकीचं, शालू. मनाला लावून घिऊ नगं."

शालूबाई दुसऱ्या दिवशी आली नाही. आठवड्यानं कळलं, मुलाला घेऊन ती इचलकरंजीला गेली, यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला. तिथं हाताचा गुण कुणी बघत नाही, सुताला बुरशी धरत नाही.

मंडळ त्यानंतरही सात वर्षं चाललं. पण वाढलं नाही. जागा, डंक, तीस बायका, सगळं माईंच्या वहीत राहिलं. काम वाढवायचं तर आक्कासारख्या आणखी चौघी तयार हव्या होत्या, आणि आता कुणी कढईजवळ बसायला तयार होईना. चुकलं तर आपलाही हात वाईट ठरेल, आपल्या लेकींची लग्नं व्हायची आहेत. माई समजावून थकल्या. आक्का एकटी भाजत राहिली आणि मीठ घरून आणत राहिली. मिरचीच्या खकाण्यानं तिला दमा जडला. १९८१ साली डॉक्टरनं सांगितलं, आता कढईसमोर बसलात तर जिवाला मुकाल. ज्या दिवशी ती बसायची थांबली, त्या दिवशी मंडळही थांबलं. खोली तालमीला परत गेली. माई मुलाकडे सांगलीला राहायला गेल्या. जाताना त्या आक्काला भेटायला आल्या होत्या. म्हणाल्या, "तू चांगली माणूस आहेस, झुंबर. पण एकीला तरी तयार करायला हवं होतंस." त्यांना तेवढंच माहीत होतं.

१९८६च्या उन्हाळ्यात कसबा बावड्याला हंबीररावाच्या नात्यातलं लग्न निघालं. आदल्या दिवशी बायका मांडवात स्वयंपाकाची तयारी करत बसल्या होत्या. आक्का एका बाजूला, दम लागतो म्हणून नुसतीच बसलेली. समोर लसणाच्या ढिगाशी एक पिकल्या केसांची बाई वाकून सोलत होती. आक्कानं ओळखलं, पण आधी तिनं नजर फिरवली.

तेवढ्यात कुणीतरी परात सरकवली. "शालूकाकी, जरा ह्यो मसाला कालवा की."

शालूबाई झटक्यात मागं सरली. चुलीतला निखारा अंगावर यावा तशी. "मी नगं गं," ती हसून म्हणाली. "माझा हात लागत न्हाई कशाला. लगीनघरात उगं कशाला? मी लसूण सोलते."

तिनं हे अगदी सहज सांगितलं. आपल्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं असं सांगावं, तसं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आक्काला त्या मांडवात जेवण गेलं नाही. हंबीररावानं विचारलं, दमा उठला का? ती हो म्हणाली.

आठ दिवस तिनं काढले. मग एका सकाळी सिटी बसनं एकटीच बावड्याला गेली. शालूबाईचा मुलगा आता कमावता झाला होता आणि आईला घेऊन इचलकरंजीहून बावड्याला परतला होता. दोन खोल्यांचं पक्कं घर, दारात जास्वंद. शालूबाईनं "आक्का, तुमी?" म्हणत हात धरून आत नेलं, पाणी दिलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं. लग्नात बोलायचं राहून गेलं म्हणाली. मंडळातल्या एकेकीची चौकशी केली. धोंडुबाई दोन वर्षांपूर्वी वारल्याचं ऐकून तिनं हळहळ केली, आणि ती हळहळ खरी होती.

आक्काची नजर फळीवर गेली. तिथं दुकानातल्या चटणीचं पाकीट होतं, तोंड दोऱ्यानं बांधलेलं.

"इकतची आणतासा?"

"मग काय करू? सुनेला येत न्हाई, आन् मी हात लावत न्हाई. पोराचं लगीन झालं तवासुदिक शेजारणीकडनं करून घेतली. पोरगं म्हणायचं, आई, तू कर की, काय हुतंय? म्हटलं नगं बाबा. तुझा सौंसार नवा हाय."

आक्कानं कप खाली ठेवला.

"शालू," ती म्हणाली, "तुझ्या हाताला काय बी झालेलं न्हाई. त्या चटणीत मीठ भाजून घालायचं असतंय. मी पहाटं घरात भाजून आणायची. तुला सांगितलं न्हाई मी. मुद्दाम सांगितलं न्हाई. डबं परत आलं तवा बी मला ठावं हुतं. तू मला इचारलंस, तवा बी ठावं हुतं."

आतल्या खोलीत सून भांडी लावत होती, तो आवाज थांबला. आक्का वाट बघत होती, शिव्यांची. बारा वर्षं तिनं त्या शिव्या स्वतःच स्वतःला घातल्या होत्या. त्या दुसऱ्या तोंडून आल्या तर जरा हलकं वाटेल, असं तिला वाटत होतं. त्यासाठी तर ती आली होती, हे तिला तिथं बसल्यावर कळलं, आणि त्याचीही लाज वाटली.

शालूबाईनं दोन्ही हात मांडीवर उलटे करून बघितले. इचलकरंजीच्या सुतानं बोटांच्या पेरांना घट्टे पडले होते. मग तिनं ते पदराखाली घेतले.

"मीठ," ती म्हणाली. "नुसतं मीठ व्हय."

"चल माझ्याबरूबर," आक्का म्हणाली. "पेठेत चल. मी सगळ्यांम्होरं सांगते. माईंना सांगलीला पत्र घालते."

"कुणाला सांगणार आता, आक्का?" शालूबाईनं शांतपणे विचारलं. "जी म्हणाली हुती, ती गेली. माझं तरी आता काय ऱ्हायलंय करायचं? नजर गेली. दिस मावळला की दिवा सुदिक धुरकट दिसतोय." ती थांबली. "त्या वक्ताला मला बत्तीस वर्सं झाली हुती."

आक्का उठली. शालूबाईही उठली, दारापर्यंत आली. घरी आलेल्या माणसाला दारापर्यंत पोचवायची रीत तिनं सोडली नाही. आक्का पायरी उतरली, चपला घातल्या आणि सवयीनं म्हणाली, "येते मी."

ह्या मुलखात भांडून निघालेल्या माणसालाही दारातून 'या' म्हणतात. दारी आलेल्या वसुलीवाल्यालासुद्धा म्हणतात. शालूबाईनं चौकट धरली, क्षणभर आक्काकडे बघितलं, आणि आवाज न चढवता म्हणाली,

"जावा."